धडधाकट बायकांचा ताप

१

चौथ्या बाईच्या पाठीत पू सापडला, तेव्हा मी बेसिनपाशी उभी राहून एका सर्जनशी भांडत होते. त्याचं म्हणणं, त्याने हात धुतले होते. माझं म्हणणं, साबण कोरडा होता. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून आतली नर्स बाहेर आली.

"सिस्टर, तुम्ही आत या. अजून एक."

काय अजून एक, हे विचारायची गरज नव्हती. पाच आठवड्यांत ही चौथी. चौघींचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं. नंतर दुखू नये म्हणून चौघींच्या पाठीत, कण्याजवळ, दोऱ्याएवढी नळी बसवलेली. ही नळी पाठीवरून खांद्यापर्यंत आणून चिकटवतात. तिथे तिला एक चपटी गाळणी जोडतात, गाळणीला लांब नळी, आणि ती जाते चाकांच्या स्टँडवरच्या पंपाला. थेंब थेंब औषध जात राहतं आणि माणूस दुसऱ्याच दिवशी उठून चालतो. फार सुखाची सोय आहे, जंतू आत शिरत नाहीत तोवर. शिरले की ताप, पाठीत ठणका, मग पू, आणि पू कण्यावर दाबला की पाय जातात. या चौथीचा डावा पाय सकाळपासून हलत नव्हता.

असले जंतू शोधणं हे माझं काम. एकवीस वर्षं मी या हॉस्पिटलात लोकांच्या हातांमागे लागले आहे. पाठीमागे मला सगळे 'हातधुणी' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे थोडं वाटतं.

तासाभरात हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. मी खुर्चीवर बसले नाही. बसले की माझे पाय वळवळायला लागतात.

"चारही नळ्या कुणी बसवल्या?" त्यांनी विचारलं.

"छोट्या डॉक्टरबाईंनी." आमच्याकडे भूल देणारे दोघं. एक थोरले, आणि एक ही मुलगी, दोन वर्षांपूर्वी आलेली.

"थोरल्यांच्या पेशंटना काही झालं?"

"एकालाही नाही."

"मग राहिलं काय?" त्यांनी फाइल बंद केली. "उद्या बाराला समिती बसतेय. तोवर तुम्हाला दुसरं कारण सापडलं तर ठीक. नाहीतर तिला नळ्या बसवायची बंदी. त्या मुलीचं मला वाईट वाटतं, पण कुणाला तरी थांबवायलाच हवं."

भूल देणाऱ्या डॉक्टरला अशी बंदी झाली की दुसरं कुठलंही हॉस्पिटल तिला दारात उभं करत नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी दारापर्यंत गेले तेव्हा ते मागून म्हणाले, "आणि सिस्टर, आज सकाळीच तिने आणखी एक नळी बसवलीय."

२

छोट्या डॉक्टरबाई कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर उताणे. बोटांच्या सांध्यांवर कातडी फुटून लाल झाली होती.

"किती वेळा धुता?" मी विचारलं.

"मोजत नाही आता." त्यांनी हात मागे लपवले. "सिस्टर, माझंच काहीतरी चुकतंय. मी एकेक पायरी आठवून बघते. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे, औषधाने पाठ पुसणं, ते वाळेपर्यंत थांबणं. सगळं केलेलं असतं. तरी त्या बायका आजारी पडतात."

"पाच आठवड्यांत नळ्या किती बसवल्या?"

"आजची सोडून अकरा. सगळ्या बायकाच. पुरुष थोरले सर बघतात."

"म्हणजे सातजणी ठणठणीत गेल्या."

"हो, पण चौघी नाही गेल्या ना." त्यांचा आवाज फाटला. "मी ठरवलंय. उद्या समितीने विचारलं की हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. परवापासून सुई धरली की माझी बोटं थरथरतात. तसंही मला हे काम आता जमणार नाही."

मला राग आला. त्यांचा नव्हे, माझाच. गेल्या आठवड्यात याच मुलीला मी चारचौघांत म्हटलं होतं, की बाई, हात अजून घासा. पुरावा काही नव्हता. सवयीने म्हटलं होतं.

"त्या आजच्या बाईची नळी काढून टाकू का?" त्यांनी विचारलं. "तीन दिवस कळवळेल बिचारी, पण..."

"उद्या सकाळपर्यंत थांबा. तिच्या नळीवर मी नजर ठेवते. आणि तोवर कशाला हो म्हणू नका."

त्या काही बोलणार, इतक्यात माझा फोन वाजला. तळमजल्यावरची लॅब.

"सिस्टर, तुमचा चौथा रिपोर्टही तोच आलाय," लॅबवाली म्हणाली. "चौघींना एकच जंतू. आणि हा कातडीवरचा नेहमीचा जंतू नाही हो. हा ओलाव्यात राहणारा. नळाचं तोंड, बेसिन, मोरी, असल्या ठिकाणचा."

मी छोट्या डॉक्टरबाईंकडे बघितलं. पाठीत नळी बसवताना त्या पाण्याचा थेंबही वापरत नाहीत. मग पाणी आलं कुठून?

३

पहिला संशय औषधावर. पंपातल्या पिशव्या औषध विभागातले काका भरतात, काचेच्या कपाटात हात घालून. काका तिथे बावीस वर्षं आहेत आणि त्यांच्या नाकावर माशी बसलेली त्यांना खपत नाही.

"माझ्या पिशवीत जंतू?" त्यांनी चष्मा काढला. "सिस्टर, एका वेळी मिसळलेल्या औषधातून पंधरा पिशव्या भरतो मी. निम्म्या बायकांच्या वॉर्डात जातात, निम्म्या पुरुषांच्या. जंतू काय दारावरची पाटी वाचून आत जातो?"

त्यांचं बरोबर होतं. पाठ पुसायचं औषधही दोन्हीकडे एकाच खोक्यातलं, एकदा वापरून फेकायचं. म्हणजे जे काही होत होतं ते बायकांच्या वॉर्डात होत होतं.

तिथल्या इन्चार्ज सिस्टरला माझं येणं आवडत नाही. ती ते लपवतही नाही.

"नळीची पट्टी मी स्वतः बदलते," ती म्हणाली. "माझी कुठलीही नर्स जोड उघडत नाही. शपथेवर सांगते. आणि स्वच्छता बघायची तर बघून घ्या. फरशी बघा कशी आहे."

फरशी कोरडी ठणठणीत होती. तेवढं मात्र माझं कर्तृत्व. या वॉर्डाच्या बाथरूममधलं पाणी पूर्वी थेट पहिल्या खाटेपर्यंत यायचं. तीन पत्रं लिहून, डोकं खाऊन मी तो बंदोबस्त करून घेतला होता. फरशीकडे बघून मला बरं वाटलं. त्या दिवसात तेवढंच बरं वाटलं.

व्यायाम करून घेणारा फिजिओ तिथेच कागद भरत होता. पेशंटना खाटेवरून उठवायचं, चालवायचं, हे त्याचं काम. दोन्ही वॉर्डांत तोच. मी त्याचे हात बघितले, नखं बघितली. तो हसला.

"बघा, बघा. पण सिस्टर, एक गंमत सांगू? गंमत म्हणजे, वाईट गंमत. त्या सातजणी बऱ्या राहिल्या ना, त्या सगळ्या अशक्त. कुणी सत्तरीची, कुणाला धाप लागायची. खाटेवरून हलायच्या नाहीत, शौचाचं भांडंही खाटेवरच द्यावं लागायचं. मला वाटायचं, यांचं काही खरं नाही. आणि आजारी पडल्या कोण? ती पोहायला शिकवणारी. ती टपालवाली. ती शिवणकामवाली, तीही कशी खमकी. आणि आताची ही गवंडीकाम करणारी. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत उठून बसलेल्या असायच्या."

मी खाली बसले. बहुतेक वर्षात पहिल्यांदाच, इन्चार्जच्या खुर्चीत, न विचारता.

कुठलाही आजार आधी दुबळ्यांना धरतो. हा आजार धडधाकट बायकांना निवडून धरत होता.

४

धडधाकट बाई काय करते, जे दुबळी करत नाही? उठते. चालते. पण चालतात तर पुरुषही. पुरुषांच्या वॉर्डात त्याच फिजिओचे पेशंट स्टँड ढकलत सकाळ-संध्याकाळ हिंडतात आणि एकालाही साधी शिंकही आली नव्हती.

डोक्यात किडा वळवळायला लागला की मला एका जागी राहवत नाही. मी जिना चढले, उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्या फेरीला आठवलं की पंपाला स्मरणशक्ती असते. कधी सुरू झाला, कधी थांबला, सगळं आत साठतं. कुणी कधी बघत नाही, एवढंच.

भांडारात बसून मी एकेक पंप उघडून त्याची नोंद वाचली. पुरुषांचे पंप अखंड चाललेले. सात दुबळ्या बायकांचे पंप अखंड चाललेले. टपालवालीचा पंप मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून आठ मिनिटांनी थांबला होता आणि पुढची बारा मिनिटं बंद राहून पुन्हा सुरू झाला होता. तिसऱ्या दिवशीही. पोहणाऱ्या बाईंचा सात-पाचला. शिवणकामवालीचा सात-दहाला. गवंडीबाईंचा सातच्या ठोक्याला, चौदा मिनिटं.

कुणीतरी रोज सकाळी बटण दाबून पंप थांबवत होतं. कुठल्याही कागदावर त्याची नोंद नव्हती.

आता कोण, हे शोधायला डोकं लागत नाही, घड्याळ लागतं. औषधवाले काका पिशव्या दुपारी पाठवतात. फिजिओ नऊला येतो. डॉक्टर आठला. छोट्या डॉक्टरबाई सातला थिएटरमध्ये असतात. आणि नर्सेस? रात्रीच्या नर्सेस सकाळच्या नर्सेसना काम सोपवतात ते सात ते सव्वासात. तेव्हा वॉर्डातल्या झाडून सगळ्या नर्सेस टेबलाभोवती डोकी एकत्र करून उभ्या असतात. पाठ खाटांकडे.

म्हणजे ज्या लोकांना मी दिवसभर छळलं, त्यांपैकी त्या वेळी तिथे कुणीच नसतं. तरी पंप थांबतो.

नव्या नळीची बाई उद्या सकाळी पहिल्यांदा उठून चालणार होती. छोट्या डॉक्टरबाईंना मी फोन करून सांगितलं, उद्या साडेआठपर्यंत माझी वाट बघा. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यांच्या मागे नळाचं पाणी वाहत होतं.

५

पावणेसातला मी बायकांच्या वॉर्डात, चादरींच्या कपाटाआड जाऊन उभी राहिले. वय वर्षं त्रेपन्न, आणि लपाछपी खेळतेय.

नव्या नळीची बाई बस चालवायची. जागी झाल्यापासून तिची टकळी सुरू होती.

"माझ्या मापाचं भांडं यांच्याकडे नाही," ती शेजारच्या खाटेला सांगत होती. "मी आपली चालत जाणार. माझी बस मी कधी रस्त्यात उभी केली नाही."

सात वाजले. नर्सेस टेबलापाशी जमल्या. आणि बाजूच्या दारातून वॉर्डातल्या मावशी आल्या. सफाई करणाऱ्या, पेशंटना धरून नेणाऱ्या. रोज दिसतात, म्हणून कुणाला दिसत नाहीत. मीही कालपासून त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता.

मावशींनी बसवालीला अलगद उठवलं. एका हाताने तिला कवेत धरलं, दुसऱ्या हाताने स्टँड ढकलला. दोघी बाथरूमपाशी आल्या. स्टँडची चाकं थडकली आणि थांबली.

दाराशी उंबरा होता. चार बोटं उंच, गुळगुळीत, नवा.

मावशींनी सराईतपणे पंपाचं बटण दाबलं आणि हात बसवालीच्या खांद्याजवळच्या जोडाकडे नेला. गाळणीच्या अलीकडचा, पाठीच्या बाजूचा जोड. मी कपाटाआडून निघाले ती धावतच.

"मावशी, हात काढा."

त्या दचकल्या. जोड उघडला नव्हता. मी दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा बघितलं. बसवालीला परत खाटेवर नेलं, पडदा ओढला आणि भांडं आणायला लावलं. तिने मला दोन शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले.

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. चेहरा पडलेला.

"माझं काही चुकलं का, बाई?"

"नळी का सोडवता?"

"मग काय करू? स्टँड उंबऱ्यावरून जात नाही. तो उचलायला दोन हात लागतात, आणि एका हातात तर बाई असते. पोहायला शिकवायच्या त्या बाईंच्या वेळी उचलायला गेले, तर दोघी तोंडावर पडता पडता वाचलो. बाकी सगळे टेबलापाशी, हाक कुणाला मारू? आणि बायका हातापाया पडतात हो. खाटेवर नको म्हणतात, लाज वाटते म्हणतात."

"हाच जोड का? पलीकडे दुसरा आहे ना, गाळणीच्या पुढचा."

"तो पिळून बसवलेला असतो, निघत नाही. हा पटकन निघतो."

तिथेच सगळं होतं. गाळणी जंतू अडवायलाच असते. ती पंपाकडे राहिली आणि पाठीकडचं टोक उघडं पडलं. पण उघडं टोक आणि नळाचा जंतू, यांच्यात अजून एक पाऊल कमी होतं. मी विचारलं.

"सोडवल्यावर टोकाचं काय करता?"

"ते लोंबतं ना. कधी अंगाला लागतं, कधी दाराला. तसंच घाणेरडं लावायचं कसं?" मावशी जरा सावरल्या. या बाबतीत आपण चोख आहोत, अशी त्यांची खात्री होती. "मी परत लावायच्या आधी नळाखाली स्वच्छ धुते. चांगलं खळखळून. तुम्हीच वर्गात शिकवलंत की, धुतल्याशिवाय काही लावायचं नाही म्हणून. मी एकदाही चुकवलं नाही, बाई."

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

आणि तो उंबरा. बाथरूमचं पाणी वॉर्डात येऊ नये म्हणून तीन पत्रं लिहून मीच बांधून घेतलेला. पुरुषांच्या वॉर्डातलं पाणी बाहेर येत नाही, म्हणून तिथे उंबरा नाही. गवंडी काम संपवून गेला त्याला पाच आठवडे आणि चार दिवस झाले होते. मी त्यावरून रोज पाय उचलून जात होते.

६

साडेआठला छोट्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आपले फुटलेले हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाल्या, "म्हणजे मी नव्हते."

"तुम्ही नव्हता."

"आणि मावशींचं आता काय?"

तोच प्रश्न मला सकाळपासून कुरतडत होता. मावशी ठेकेदाराकडच्या. अहवालात त्यांचा उल्लेख गेला की संध्याकाळी त्यांना गेटच्या आत कुणी घेणार नव्हतं. या मुलीची सुटका करायची तर कारण सांगायलाच हवं. आणि कारण सांगितलं की सगळे हात झटकणार आणि खापर फोडायला सगळ्यात खालचं डोकं शोधणार. एकवीस वर्षं मी हेच बघत आले आहे, आणि खरं बोलायचं तर दोन-चारदा ते डोकं मीच दाखवून दिलं आहे.

बाराला समिती बसली. मी उभी राहूनच सगळं मांडलं. लॅबचा रिपोर्ट, पंपाच्या नोंदी, खाटेवरच राहिलेल्या सातजणी, उठलेल्या चौघी, पुरुषांचा वॉर्ड. औषधवाल्या काकांनी मान डोलावली. इन्चार्ज मूग गिळून बसली होती. छोट्या डॉक्टरबाई टेबलाच्या टोकाला, हात मांडीवर.

"ठीक," मोठे डॉक्टर म्हणाले. "म्हणजे डॉक्टरांचा दोष नाही. तसं लिहून घ्या." मग पेन उघडून माझ्याकडे बघितलं. "नळी सोडवायची कोण? नाव सांगा."

मी दोन कागद त्यांच्यापुढे सरकवले. एक माझं तिसरं पत्र, उंबरा बांधण्याबद्दलचं. दुसरा माझ्या वर्गाचा. त्यात हात, भांडी, फरशी, फडकी, सगळं कसं धुवायचं ते होतं. काय धुवायचं नाही, हे एका ओळीतही नव्हतं. पाठीच्या नळीला हात लावू नका, एवढं वाक्य नर्सेसच्या वर्गात होतं. मावशींच्या वर्गात ते मी घातलंच नव्हतं. त्या कशाला हात लावतील, असं धरून चालले होते.

त्यांनी दोन्ही कागद वाचले. "यांच्याखाली तुमचं नाव आहे."

"हो. तेच लिहा."

"सिस्टर, सोडवणारा हात तुमचा नव्हता."

"हाताला शिकवलं मी, आणि अडवलंही मी. चौथ्या बाईला मघाशी जाऊन सांगून आले. ती म्हणाली, मावशीला काही करू नका, मीच तिच्या मागे लागले होते. तिचा पाय अजून हलत नाही, तरी असं म्हणाली."

मोठ्या डॉक्टरांनी पेन बंद केलं, पुन्हा उघडलं आणि लिहिलं. चौकशी होईपर्यंत माझं काम काढून घेतलं आणि मला ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. इन्चार्जने बाहेर आल्यावर सांगितलं की उद्यापासून सात ते सव्वासात एक नर्स टेबलापाशी न थांबता खाटांमध्ये राहील. तिने एवढं म्हणणं हेच पुष्कळ होतं.

७

चार दिवसांनी मी पट्ट्यांच्या घड्या घालत बसले होते, तर थिएटरमधून फोन आला. छोट्या डॉक्टरबाई.

"जरा या ना."

"मी आता त्या कामावर नाही, डॉक्टर. मला आत येता येत नाही."

"कामासाठी नाही बोलावत."

टोपी घालून, हात धुऊन मी आत गेले. एक तरुण बाई टेबलाच्या कडेला पाठ वाकवून, उशी छातीशी धरून बसली होती. तिच्यामागे डॉक्टरबाई, गाऊन आणि हातमोजे घालून. पाठ पुसून झाली होती, वाळलीही होती. सुई हातात होती आणि हात हवेतच थांबला होता.

"दहा मिनिटं झाली," त्या हळूच म्हणाल्या. "मला माहीत आहे की मी नव्हते. कागदावर लिहिलंय. पण हाताला ते कळत नाहीये."

"मग मी काय बघू?"

"काही बघू नका. तुम्ही बघायला लागलात की भीती वाटते. नुसत्या इथे थांबा."

मी त्यांच्या बाजूला उभी राहिले आणि नजर भिंतीकडे वळवली. त्या मुलीला मागे मी चारचौघांत बोलले होते, ते आठवून मला भयंकर लाज वाटली. "माझं चुकलं होतं," मी भिंतीकडे बघत म्हटलं. "तुमचे हात स्वच्छच होते."

त्यांचा श्वास ऐकू येत होता, आधी तुटक, मग सलग. हातमोज्यांची बारीकशी हालचाल ऐकू आली. मग बराच वेळ काहीच नाही.

"झालं का हो?" वाकलेल्या बाईने विचारलं.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता सावकाश सरळ बसा."